ठाणबंद घोड्याची वैरण

घोडा लंगडला, डॉक्टर तपासून गेले आणि ‘सहा आठवडे ठाणावरून हलवायचा नाही’ असं सांगितलं, की तबेल्यात पहिली चर्चा चंदीची सुरू होते. हरभरा बंद करायचा की निम्मा, जव चालतील का, ओट थांबवले तर घोडा उतरेल का, रात्री कोंड्याचं मॅश द्यावं का. मोतद्दार, मालक, शेजारच्या ठाणाचा मालक, सगळ्यांची मतं तयार असतात. वैरणीचं नाव कुणी काढत नाही. ती आजवर गव्हाणीत पडत आली, तशीच पुढेही पडेल असं गृहीत धरलेलं असतं. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. ठाणबंद घोड्याच्या चंदीचा निकाल दोन वाक्यांत लागतो. डोकं चालवावं लागतं ते वैरणीसाठी.

ती दोन वाक्यं अशी: काम थांबलं त्याच दिवशी दाणा बंद करावा, किंवा औषध मिसळण्यापुरता मूठभर ठेवावा. ‘हळूहळू कमी करू’ हा नियम वैरणीच्या बदलाला लागू आहे, दाणा कमी करायला नाही. युरोपात ओढकामाच्या घोड्यांना रविवारी सुट्टी असे आणि दाणा मात्र रोजच्याइतकाच मिळे. सोमवारी जुंपलं की काही घोड्यांचे पुठ्ठ्याचे स्नायू लाकडासारखे आखडत आणि लघवी काळपट तांबडी होई. त्या दुखण्याला तिथे सोमवारचा आजार असंच नाव पडलं होतं. एका दिवसाच्या सुट्टीत हे होत असेल, तर महिना-दीड महिना बसून राहणाऱ्या घोड्याला पूर्ण चंदी चारण्याचं समर्थन होऊच शकत नाही.

‘पण मग तो उतरेल’ ही भीती आकड्यांपुढे टिकत नाही. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००७ साली घोड्यांच्या पोषणाचे जे तक्ते प्रसिद्ध केले, त्यांनुसार ५०० किलोच्या रिकाम्या घोड्याला दिवसाला साधारण १६.७ मेगाकॅलरी पुरतात. तोच घोडा शर्यतीच्या तयारीत असताना ही गरज ३४.५ पर्यंत जाते, म्हणजे दुपटीच्या वर. बऱ्यापैकी वाळलेल्या गवतातून किलोमागे १.८ ते २ मेगाकॅलरी मिळतात. नऊ किलो गवत खाल्लं की हिशेब पुरा. ४०० किलोच्या घोड्याला सात-साडेसात किलो पुरतं, आणि आपले देशी तट्टू तर त्याहून बरेच हलके असतात. तेव्हा ऊर्जेसाठी वैरणीपलीकडे काही शोधायची गरज नाही. म्हातारा, दातांनी अधू किंवा आधीच खंगलेला घोडा तेवढा अपवाद.

मग प्रश्न उरतो तो कोणती वैरण आणि ती किती वेळ पुरेल याचा. दुसरा भाग आधी घेतो, कारण तो जास्त दुर्लक्षित आहे.

घोड्याचं जठर शरीराच्या मानाने लहान, जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं. त्यात आम्ल मात्र चोवीस तास झिरपत असतं, पोटात काही असो वा नसो. हे आम्ल शमवणारी लाळ फक्त चावताना सुटते. एक किलो वाळलं गवत चावायला घोड्याला सुमारे चाळीस मिनिटं लागतात, एक किलो दाणा दहाएक मिनिटांत फस्त होतो. मोकळ्यावर सोडलेला घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास चरतो. ठाणावर सकाळ-संध्याकाळ दोन वेळा वैरण टाकली, तर तो जेमतेम पाच-सहा तास खातो आणि उरलेला वेळ भिंतीकडे बघत उभा राहतो. त्यातूनच डोलणं, लाकूड चावणं, हवा गिळणं या खोडी लागतात. ब्रिटनमधल्या शर्यतीच्या तबेल्यांची १९९५ साली जी मोठी पाहणी झाली, तीत दिवसाला ६.८ किलोपेक्षा कमी वैरण मिळणाऱ्या घोड्यांत अशा खोडींचा धोका वाढलेला दिसला. डेन्मार्कमधल्या २००९ सालच्या अभ्यासात दोन वैरणींमध्ये सहा तासांहून जास्त अंतर पडणं आणि जठरातल्या जखमा यांचा संबंध आढळला. आपल्याकडे संध्याकाळी सहाला पेंढी सोडून पहाटे पाचला तबेला उघडायची पद्धत सर्रास आहे. मधल्या अकरा तासांत निदान एकदा कुणीतरी उठून वैरण टाकावी, किंवा बारीक छिद्रांच्या जाळीत भरून टांगून ठेवावी. नाल मारलेल्या घोड्यासाठी ती जाळी उंचावर बांधावी, नाहीतर पाय अडकून दुखण्यावर दुखणं.

दुसरा धोका मोठ्या आतड्यात आहे. नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी घोडे कुरणातून तबेल्यात आणल्यावर अल्ट्रासाऊंडने पाहिलं, तर आतड्याची हालचाल मंदावलेली दिसली. हिरवं गवत जाऊन कोरडं आलं, चालणं थांबलं. पाणी त्या प्रमाणात वाढलं नाही, तर आतड्याच्या अरुंद वळणावर मळ दाटून पोटशूळ होतो. म्हणून ठाणबंद घोड्यापुढे पाण्याची बादली कधीही रिकामी नको, आणि रोज २५-३० ग्रॅम साधं मीठ हवं. लेंड्या मोजण्याची सवय मोतद्दाराला लावावी. लेंड्या लहान, कोरड्या आणि कमी होऊ लागल्या की पोट दुखायच्या आधीच खबर मिळते.

आता कोणती वैरण. महाराष्ट्रात इथेच मोठी गफलत होते. आपली सगळी चाऱ्याची विद्या गाईगुरांभोवती उभी आहे. कृषी विद्यापीठांनी वाण काढले ते दूध वाढावं म्हणून, बाजारात भाव ठरतो तो दुभत्या जनावरांच्या गोठ्यांवरून, शेतकरी ‘चांगला चारा’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे म्हैस असते. घोडाही गवतच खातो, म्हणून तीच फूटपट्टी त्याला लावली जाते. पण गुरांच्या पोटात जंतू सुरुवातीलाच, कोठीपोटात चारा आंबवतात. घोड्यात हे काम लहान आतड्याच्या पुढे, शेवटी होतं. एवढ्या एका फरकाने गुरांचे उत्तम चारे घोड्याला कामाचे राहत नाहीत आणि काही सामान्य चारे मात्र उत्तम ठरतात.

याचा सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे ऑक्झॅलेट. हत्तीघास आणि त्याचे संकरित वाण शेताच्या बांधावर वर्षभर हिरवे, एकरी उत्पन्न प्रचंड. उसाचे वाढे तर कोल्हापूर-सांगलीकडे गळीत हंगामात जवळपास फुकट मिळतात. भाताचा पेंढा कोकणात दारात पडलेला असतो. या तिन्हींत ऑक्झॅलेट भरपूर असतं आणि ते चाऱ्यातल्या कॅल्शियमला घट्ट धरून ठेवतं. गुरांच्या कोठीपोटातले जंतू ते आधीच फोडतात, कॅल्शियम मोकळं होतं आणि पुढे लहान आतड्यात शोषलं जातं. तरीही शेतकऱ्यांना वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडायला सांगतात. घोड्यात कॅल्शियम शोषलं जातं ते लहान आतड्यात, आणि ऑक्झॅलेट फोडणारे जंतू राहतात त्याच्या पुढे. कॅल्शियम मोकळं होतं तेव्हा ते शोषणारी जागा मागे पडलेली असते. मग शरीर हाडांतून कॅल्शियम काढू लागतं. ऑस्ट्रेलियात सिटॅरिया, बफेल यांसारख्या उष्ण प्रदेशांतल्या गवतांवर महिनोन्महिने ठेवलेल्या घोड्यांच्या जबड्याची आणि चेहऱ्याची हाडं सुजून डोकं मोठं दिसू लागलं. त्याआधी ते कधी या पायाने, कधी त्या पायाने लंगडत, आणि दुखतंय कुठे ते सापडत नसे.

सहा आठवड्यांत डोकं सुजणार नाही, हे मान्य. पण घोडा ठाणावर आहे तो बऱ्याचदा हाडाला तडा गेला म्हणूनच, आणि त्या हाडाला लागणारं कॅल्शियम आपण चाऱ्यातच अडकवून ठेवायचं याला काही अर्थ नाही. थोडा हत्तीघास इतर वैरणीत मिसळलेला चालेल. तोच मुख्य आहार असेल, तर नको.

याच कारणासाठी गव्हाच्या कोंड्याबद्दल दोन शब्द कडक बोलायला हवेत. आजारी घोड्याला गरम कोंड्याचं मॅश ही जुन्या तबेल्यांची लाडकी रीत, आणि ते पोट साफ करतं ही ठाम समजूत. पोट साफ करण्याचा गुण त्यात सिद्ध झालेला नाही. फायदा होतो तो त्यात ओतलेल्या पाण्याचा. कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या जवळपास दहापट असतो. घोड्याला कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं तरी हवं, थोडं जास्त असेल तर उत्तम. पूर्वी गिरणीवाल्यांच्या घोड्यांना रोज कोंडाच मिळे आणि तेच मोठ्या डोक्याचं दुखणं त्यांना जडे. औषध लपवायला आठवड्यातून एकदा मूठभर कोंडा दिला तर आकाश कोसळत नाही. रोजचा टोपलाभर बंद करावा.

वाळलं गवत हा पाया. आपल्या माळरानांवरचं पवन्या आणि मारवेल वेळेवर कापलेलं असेल, तर त्याच्या तोडीची वैरण घोड्याला दुसरी नाही. अडचण त्या ‘वेळेवर’मध्ये आहे. गवत फुलोऱ्यात असताना कापावं लागतं. आपल्याकडे पाऊस पूर्ण थांबून, बी गळून, काडी पिवळी पडल्यावर विळे निघतात. तोवर प्रथिनं तीन-चार टक्क्यांवर आलेली असतात. कुसळी गवत मिसळलेलं असेल तर आणखी त्रास. त्याची टोकदार कुसळं हिरड्यांत आणि जिभेखाली रुततात, घोडा तोंडातून लाळ गाळतो आणि खाणं सोडतो, आणि मालक समजतो की त्याला बसून कंटाळा आलाय. गठ्ठा विकत घेताना मधोमध हात घालून पाहावं. हाताला कुसळं लागली, आत ऊब किंवा कुबट वास असला, झटकल्यावर धूर उडाला, तर तो गठ्ठा गुरांकडे जाऊ द्यावा.

हरळी घोड्यांना फार आवडते. मोकळ्यावर चरताना तिच्याबद्दल तक्रार नाही. पण अगदी बारीक, मऊ वाळवलेली हरळी एकदम आणि एकटी देऊ नये. अमेरिकेच्या दक्षिणेकडे कोस्टल बर्म्युडा नावाचं गवत मोठ्या प्रमाणावर वाळवतात. ते आपल्या हरळीच्याच कुळातलं, जॉर्जियातल्या टिफ्टनला १९४३ साली प्रसारित केलेलं संकरित वाण. तिथल्या घोड्यांत लहान आतड्याच्या शेवटी मळ अडकून होणारा पोटशूळ या गवताशी जोडला गेला आहे, विशेषतः अचानक बदल केला तेव्हा. जाडसर काडीच्या वैरणीत मिसळली की हा धोका बराच कमी होतो.

कडब्याचं काय? माझं मत कडब्याच्या बाजूने आहे, अटींसह. दख्खनमध्ये घोड्यांनी पिढ्यान्पिढ्या कडबा खाल्ला आहे, आणि सोलापूरकडच्या मालदांडीचा पानाळ कडबा अजूनही पहिल्या प्रतीचा मानला जातो. ठाणबंद घोड्याच्या दृष्टीने त्याचे दोष हेच गुण होतात: ऊर्जा कमी, चावायला वेळ जास्त. मात्र पिकलेला आणि पूर्ण वाळलेलाच हवा. कोवळ्या, पाण्याचा ताण पडलेल्या ज्वारीत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं आणि घोड्यांत हिरव्या ज्वारीवर सतत चरण्याने मूत्राशय व मागचे पाय लुळे पडण्याचं दुखणं नोंदलेलं आहे. तेव्हा हिरवी ज्वारी घोड्याला नकोच. दुसरी अट कुट्टीची. अख्खी पेंढी टाकली तर घोडा पानं ओढून खातो आणि धाटं तुडवतो, निम्मा माल वाया. कडबाकुट्टीवर अगदी बारीक भुगा केला तर तो न चावता गिळतो, आणि घशात गोळा अडकण्याची भीती. दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे बरे.

तिसरी अट प्रथिनांची, आणि तिथे लसूणघास लागतो. ४०० किलोच्या रिकाम्या घोड्याला दिवसाला सुमारे ५०० ग्रॅम प्रथिनं हवीत. कडब्यात ती चार-पाच टक्के. सात किलोंतून तीनशेच्या आसपास मिळतील. त्यातला दीड-दोन किलो कडबा काढून तेवढाच वाळलेला घास घातला की गरज भागते, आणि वर घासातलं भरपूर कॅल्शियम कडब्याची बाजू सावरतं. जठरातलं आम्ल शमवायलाही घास चांगला. पुण्याच्या आसपास हिरवा घास पेंढ्यांनी मिळतो. त्यात ऐंशी टक्के पाणी असतं, तेव्हा आठ-दहा किलो हिरवा म्हणजे साधारण दोन किलो वाळलेला. ‘घास गरम पडतो’ म्हणून काही जण ठाणबंद घोड्याला तो पूर्ण बंद करतात. निव्वळ घासावर ठेवलेला रिकामा घोडा खरंच फुगतो आणि ठाणात अमोनियाचा वास मारतो. चौथा हिस्सा घास असेल तर यातलं काही होत नाही, उलट जखम भरायला लागणारं लायसिन त्यातूनच येतं.

गव्हाचं काड ही लठ्ठ घोड्यांसाठी युक्ती आहे. वैरणीत अर्ध्यापर्यंत काड मिसळून स्वीडनमध्ये जो प्रयोग झाला, त्यात जठराच्या जखमा वाढल्या नाहीत. वर सांगितलेल्या डेन्मार्कच्या अभ्यासात मात्र फक्त काडावर ठेवलेल्या घोड्यांत त्या जास्त होत्या. अर्धं चालतं, पूर्ण चालत नाही. आणि अंथरायला काड किंवा पेंढा वापरत असाल, तर घोडा तो रात्री खातच असतो, हिशेबात धरा.

इंग्लंडमध्ये अशा वेळी मळी न मिसळलेला शुगर बीटचा चोथा भिजवून देतात. तंतू भरपूर, स्टार्च जवळपास नाही. आपल्याकडे तो आयात करून महाग पडतो. त्याचं काम लातूरकडच्या तेल गिरण्यांतली सोयाबीनची टरफलं बरीचशी करू शकतात, हे इथल्या तबेल्यांनी अजून फारसं वापरून पाहिलेलं दिसत नाही. म्हाताऱ्या, दात गेलेल्या घोड्याला ती भिजवून देण्यासारखी आहेत. टरफलंच घ्यावीत, चुनी नको. चुनीत डाळीचे तुकडे असतात आणि तो पुन्हा दाणाच झाला.

मुरघास घोड्याला देऊ नये. हवाबंद ओल्या चाऱ्यात बॉट्युलिझमचं विष तयार झालं तर घोडा गुरांपेक्षा फार लवकर बळी पडतो, शिवाय मक्याच्या मुरघासात कणसाचा स्टार्च असतो. गोठ्यातलं तयार पशुखाद्य तर लांबच ठेवावं. त्यात मोनेन्सिन असू शकतं. गुरांना ते उपयोगी, घोड्याच्या हृदयाला प्राणघातक, तेही अगदी थोड्या मात्रेत. तबेला आणि गोठा एकाच छपराखाली असेल, तर घमेलीसुद्धा वेगळी ठेवा. खनिज मिश्रणही घोड्यांसाठी बनवलेलं घ्यावं. वाळल्या वैरणीत ई जीवनसत्त्व उरत नाही, ते त्यातून भरून निघतं.

एका घोड्याची गोष्ट वेगळी: खुराच्या आतल्या पडद्याची सूज, लॅमिनायटिस, म्हणून जो ठाणावर आहे तो. त्याला साखर आणि स्टार्च मिळून दहा-बारा टक्क्यांच्या आतली वैरण हवी. ओटचं वाळलं गवत दिसायला सुरेख असतं, पण त्यात साखर बरीच असू शकते, तेव्हा ते टाळावं. गवत पाण्यात भिजवून पाणी फेकून दिलं की साखर उतरते. थंड देशांतली पुस्तकं रात्रभर भिजवायला सांगतात; पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात रात्रभर भिजलेलं गवत सकाळी आंबलेलं असतं. इथे तासभर पुरे. दर वेळी आहारालाच दोष देऊ नये हेही खरं. २००६ साली केंटकी डर्बी जिंकलेल्या बार्बारोचा दोन आठवड्यांनी प्रीकनेसमध्ये मागचा उजवा पाय मोडला; उत्तम उपचार होऊनही जानेवारी २००७ मध्ये त्याला निरोप द्यावा लागला, त्यात मोठा वाटा दुसऱ्या पायांवर पडलेल्या भाराने उद्भवलेल्या लॅमिनायटिसचा होता. तिथे वैरण काही करू शकत नव्हती. पण ठाणबंद घोडा जाड होऊ दिला, तर तोच भार आपण वाढवत असतो.

शेवटची अडचण पंचांगाची. पुण्याचा शर्यतींचा मोसम जुलै ते ऑक्टोबर. घोडे जखमी होतात ते याच दिवसांत. गवत कापलं जातं नोव्हेंबर-डिसेंबरात, रब्बीचा कडबा निघतो फेब्रुवारी-मार्चात. म्हणजे ठाणबंद घोड्याला वैरण सगळ्यात जास्त लागते तेव्हा ती सगळ्यात जुनी, महाग आणि दमट असते. बुरशीच्या धुळीने बंद ठाणातला घोडा खोकू लागतो, मग पाय बरा आणि छाती बिघडलेली. बुरशी भिजवून जात नाही. भिजवल्याने धूळ तेवढी बसते. उपाय एकच, मार्चमध्ये माल घेऊन जमिनीपासून फूटभर उंच फळ्यांवर, भिंतीपासून सुटा रचून ठेवणं. माथेरानसारख्या ठिकाणी, जिथे मोटार जात नाही आणि पावसाळ्यात घोडेवाल्यांची कमाईही आटते, तिथे हे बोलणं सोपं आणि करणं अवघड आहे. चार-पाच मालकांनी मिळून खाली नेरळ-कर्जतकडे साठा करणं आणि लागेल तसा वर आणणं परवडू शकतं.

हाती धरून फिरवायची परवानगी मिळाली की दोराच्या टोकाला दहा मिनिटं हिरवं चरू द्यावं, रोज थोडं वाढवत. चंदी परत यावी ती स्वारी सुरू झाल्यावर, मूठमुठीने. आणि नवा गवताचा माल आला, तरी जुन्या गंजीतल्या थोड्या पेंढ्या राखून ठेवाव्यात. आतड्यातल्या जंतूंना बदल पचवायला दहा-बारा दिवस लागतात, तोवर दोन्ही मिसळून द्यावं लागतं.